गोल्डन रॉड : बागेतला बहुवर्षायू पाहुणा

(शतसंवत्सरी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही सभेत पाहुण्यांच्या हाती जो पुष्पगुच्छ दिला जातो, त्यातील गुलाब, जरबेरा आणि ग्लॅडिओलस यांची नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्यांच्या पाठीशी उभी असलेली, बारीक पिवळ्या फुलांनी लगडलेली, शेंड्याशी किंचित झुकलेली काडी मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गुच्छ भरगच्च दिसतो तो तिच्यामुळे, आणि गुलाब मान टाकतात तेव्हाही ती टिकून असते. फुलवाल्यांच्या भाषेत ती 'भरणी'ची काडी. तिचे नाव गोल्डन रॉड. बेळगाव-निपाणीच्या परिसरात ज्यांच्या दारापुढे अजून वीतभर माती शिल्लक आहे, त्यांनी हे झाड लावावे का, लावले तर ते वर्षानुवर्षे कसे राखावे, आणि राखताना कोणते भान ठेवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात एका झुडपावर बोलणे कोणास किरकोळ वाटेल. पण वर्षाला संपणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे यांतला भेद अशा जागी अगदीच अप्रस्तुत नाही.

हा भेद आपल्या पूर्वसूरींनीही केला होता. फळ पक्व होताच जिचे आयुष्य संपते, तिला अमरकोशाने ओषधी म्हटले. भात, जोंधळा, तीळ या त्या अर्थाने ओषधी. आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत वर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू असे तीन वर्ग केले जातात. गोल्डन रॉड बहुवर्षायू आहे. पण आंबा-फणसासारखा नव्हे. त्याचा जमिनीवरचा भाग दरसाल वाळतो वा छाटला जातो. जगते ते खाली, जमिनीत आडवे सरकणारे खोड. त्याला शास्त्रात मूलक्षोड म्हणतात. त्यातून फुटणारे कोंब म्हणजे शेवंती लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत 'काश्या'. शेवंतीच्या काश्या कशा लावाव्यात हे ज्या घरात माहीत आहे, त्या घराला गोल्डन रॉड शिकवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

शेवंतीचा उल्लेख केवळ सोयीसाठी आलेला नाही; ही दोन्ही एकाच कुलातील आहेत. या कुलाला पूर्वी कंपॉझिटी म्हणत, आता अ‍ॅस्टरेसी म्हणतात. मराठीत सूर्यफूल कुल. वीस हजारांहून अधिक जातींचा हा गोतावळा आहे. या कुलात जे एक फूल म्हणून दिसते, ते खरे तर अनेक बारीक फुलांचे गच्च संमेलन असते, आणि त्याला स्तबक असा नेमका शब्द आहे. गोल्डन रॉडच्या एका तुऱ्यावर असे शेकडो चिमुकले स्तबक असतात. आपल्या भागात हे कुल परके नाही. खानापूरच्या रानात पावसाळ्याच्या अखेरीस पिवळे दिसणारे कारळ्याचे शेत, पूर्वेकडच्या काळ्या जमिनीतील करडई, दसऱ्याचा झेंडू, आणि सह्याद्रीच्या पठारांवर श्रावण-भाद्रपदात पसरणारी सोनकी, सारी याच कुलातली. कारळ्याची चटणी मराठी घरात वाढली जाते आणि शेजारच्या कानडी घरात तीच गुरेळ्ळू चटणी म्हणून वाढली जाते. शेवंतीची सेवंतिगे होते, झेंडूचे चेंडुहूवु होते. या सीमेवर फुलांची नावे ज्या सहजतेने ये-जा करतात, तेवढी सहजता इतर बाबतींत दिसली असती तर बरे झाले असते. असो.

गोल्डन रॉडला मात्र मराठी नाव लाभलेले नाही. शब्दशः भाषांतर करून एखादे नाव बसवता येईल, आणि मराठीच्या अध्यापकांना तसा मोह होतोही. पण वनस्पतींची नावे समित्यांनी ठरवून रुळत नाहीत. झेंडू हा मेक्सिकोतून आलेला. पोर्तुगीजांच्या काळात तो या किनाऱ्याला लागला असे मानतात. त्याला कोणी नाव बहाल केले नाही. तो इथल्या तोरणात शिरला आणि नाव आपोआप चिकटले. गोल्डन रॉड अजून तोरणात शिरलेला नाही, तोवर त्याचे इंग्रजी नावच बरे.

याचे शास्त्रीय नाव सॉलिडॅगो. दुरुस्त करणे, सांधणे अशा अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते आले. युरोपातील एक जात जखमा भरून काढण्यासाठी वापरली जात असे. या प्रजातीत शंभराहून अधिक जाती असून बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या. तिथे हे रस्त्याकडेला, पडीक माळावर आपोआप उगवणारे झाड आहे. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्या काळात तिथल्या वसाहतवाल्यांनी ब्रिटिश चहाऐवजी ज्या रानपाल्यांचा काढा घेतला, त्यात बडीशेपेच्या वासाची गोल्डन रॉडची एक जात होती. नेब्रास्काने १८९५ मध्ये आणि केंटकीने १९२६ मध्ये याला राज्यपुष्पाचा मान दिला. अलाबामानेही १९२७ मध्ये दिला. पण हे तर रानटी तण आहे अशी तिथल्या काही प्रतिष्ठितांची तक्रार झाली आणि १९५९ मध्ये त्याच्या जागी कॅमेलिया आली. गमतीची गोष्ट अशी की, कॅमेलिया मूळची आशियातली, म्हणजे अलाबामाला संपूर्ण परकी. घरच्याला तण ठरवून बाहेरच्याला सिंहासन देण्याची रीत काही आपल्याकडेच आहे असे नाही.

थॉमस एडिसनच्या अखेरच्या वर्षांचा संबंधही या झाडाशी आहे. युद्ध झाले तर अमेरिकेला बाहेरचे रबर मिळणार नाही या चिंतेने त्याने हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांच्या साहाय्याने १९२७ मध्ये देशी रबराचा शोध आरंभला. हजारो वनस्पती तपासल्यावर त्याची निवड गोल्डन रॉडवर स्थिरावली, कारण याच्या पानांत थोडे रबर असते. निवड आणि संकर करून त्याने बारा फूट उंचीचे वाण तयार केले आणि रबराचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांपर्यंत नेले. १९३१ मध्ये एडिसन वारला. पुढे कृत्रिम रबर आले आणि तो प्रयोग मागे पडला.

या झाडावर एक खोटा आळही आहे. फुले येतात त्या हंगामात अमेरिकेत शिंका आणि डोळ्यांना पाणी येण्याचा विकार बळावतो, आणि पिवळे तुरे डोळ्यांत भरत असल्यामुळे दोष त्यांच्यावर येतो. वास्तविक गोल्डन रॉडचा पराग जड आणि चिकट असतो. तो वाऱ्यावर उडत नाही, कीटकांच्या अंगाला लागून जातो. खरा अपराधी त्याच वेळी फुलणारी, हिरवट फुलांची रॅगवीड नावाची वनस्पती. ती कोणाला दिसत नाही म्हणून सुटते. आपल्याकडील गाजरगवत हे रॅगवीडचे निकटचे नातलग आहे, हे इथे सांगितले म्हणजे त्या कुळाचा स्वभाव ध्यानात येईल.

आता लागवडीकडे वळू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. उन्हाळा मुंबई-कोकणाइतका घामट नाही, सोलापूरइतका कडक नाही. शहराच्या बऱ्याच भागात तांबडी, जांभ्याची माती आहे. पाणी मुरते, साचत नाही. गोल्डन रॉडला हेच हवे असते. निपाणीकडे परिस्थिती निराळी. तिथली काळी, भारी जमीन तंबाखूला मानवली आणि त्या पिकावर सारे गाव उभे राहिले. पण त्याच जमिनीत पावसाळ्यात पाणी धरले जाते आणि गोल्डन रॉडची मुळे कुजतात. म्हणून निपाणी-चिकोडीच्या बागेत हे झाड सपाट वाफ्यात लावू नये. वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बेळगावात शेणखत पुरते.

लागवडीचा काळ महत्त्वाचा आहे. हे झाड दिवसाच्या लांबीप्रमाणे वागते. दिवस मोठे असताना दांडा उंच वाढतो आणि दिवस लहान होऊ लागले की त्याला फुलोऱ्याची चाहूल लागते. हिवाळ्याच्या तोंडावर काश्या लावल्या तर रोप जमिनीलगत पानांचा पसारा करून बसते आणि आखूड, केविलवाणे तुरे देते. लावणाऱ्याला वाटते, माती वाईट. माती वाईट नसते, मुहूर्त चुकलेला असतो. शिवरात्रीच्या सुमारास, थंडी ओसरली की लागवड करावी. बाजारासाठी फुले घेणारे शेतकरी इतर वेळीही लावतात. त्यांचे गणित भावाचे असते, बागेचे नसते. जुन्या झाडाच्या कडेने फुटलेल्या, स्वतःची मुळे असलेल्या काश्या निवडाव्यात. त्या हात-दीड हात अंतरावर लावाव्यात. दाटी केली तर पानांवर भुरी येते, आणि पावसाळ्यात तांबेरा. ऊन भरपूर हवे. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत हे झाड जगते, पण फुलत नाही.

एप्रिल-मेमध्ये पाणी द्यावे लागते; वळिवाचे दोन चांगले पाऊस झाले तर तेही काम हलके होते. जूनच्या आरंभी, मिरग लागण्याच्या सुमारास, वाढलेले दांडे जमिनीपासून चार बोटांवर कापून टाकावेत. नवशिक्याला इथे जिवावर येते, कारण झाड हिरवेगार दिसत असते, एखाददुसरा तुराही आलेला असतो. तरी कापावे. न कापलेले दांडे पावसाच्या माऱ्याने लोळतात आणि चिखलात फुलतात. कापलेल्या बुंध्यातून जे नवे, जोमदार कोंब येतात त्यांचे शेंडे जुलैत एकदा खुडले तर झाड ठेंगणे, फांदीदार होते. असे राखलेले झाड साधारणपणे गणपती ते दसरा या दिवसांत पिवळे होते. नत्रयुक्त खत फार दिले तर पानेच माजतात, दांडे लुळे पडतात. या झाडाला थोडे उपाशी ठेवलेले मानवते. लाल कोळी आणि मावा यांचा उपद्रव उन्हाळ्यात होतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बहुतेक आटोक्यात येतो.

फुलदाणीसाठी काडी कापायची ती तुऱ्याची निम्मी फुले उमलली असता, सकाळी लवकर. पाण्यात ती आठवडाभर सहज राहते. उमलायच्या आधीच कापून डोके खाली करून सावलीत टांगली, तर वाळल्यावरही रंग बराच टिकतो.

तीनचार वर्षांनी झाड मधोमध थकते. बेटाचा मध्य लाकडी होतो, तुरे लहान येतात आणि कडेने मात्र नवे कोंब दाटी करतात. अशा वेळी संपूर्ण बेट खणून काढावे, मधला भाग टाकावा आणि कडेच्या काश्या नव्या जागी लावाव्यात. बहुवर्षायू झाड म्हणजे एकदा लावून विसरायचे झाड, असा जो समज आहे तो बागेला घातक आहे. वर्षायूकडे दुर्लक्ष केले तर ते मरते. बहुवर्षायूकडे दुर्लक्ष केले तर ते शेजाऱ्याच्या वाफ्यात जाते.

आणि या विषयातील खरा प्रश्न इथेच आहे. ज्या गुणामुळे हे झाड बागेत टिकते, त्याच गुणामुळे ते बागेबाहेरही टिकते. कॅनडाचा गोल्डन रॉड सतराव्या शतकात इंग्लंडच्या बागांत शोभेसाठी आला आणि पुढे मध्य युरोपच्या नदीकाठांवर व पडीक शेतांत पसरला. स्वित्झर्लंडमध्ये आज त्याच्या विक्रीवर बंदी आहे. चीनमध्ये तो १९३५ मध्ये शोभेचे झाड म्हणून नेला गेला. आज शांघायच्या भोवतालच्या प्रांतांत त्याचे निर्मूलन हा सरकारी कामाचा भाग होऊन बसला आहे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या भाऊबंदाने रेल्वेमार्गाच्या कडा आणि ओसाड भूखंड व्यापले. याच्या मुळांतून अशी द्रव्ये स्रवतात की, शेजारच्या वनस्पतींची उगवण खुंटते. एका दांड्यावर हजारो बिया धरतात, प्रत्येकीला केसाळ पंख असतो आणि वारा तिला नेतो.

आपल्याला या अनुभवासाठी चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. आज खानापूरच्या जंगलवाटांवर ती नसलेला टापू शोधावा लागतो. रानमोडीने घाटमाथ्यावरची गुरांची चराई खाल्ली. गाजरगवत १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि दोन दशकांत दक्षिणेत पसरले. ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बेंगळुरूच्या परिसरात सोडावा लागला. यातील रानमोडी आणि गाजरगवत हीदेखील सूर्यफूल कुलातीलच आहेत, ही बाब बागवानाने मनात ठेवण्याजोगी आहे.

म्हणून गोल्डन रॉड लावूच नये काय? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. परदेशी म्हणून नाकारायचे ठरवले तर झेंडूबरोबर बेळगावचा बटाटा, मिरची आणि निपाणीची तंबाखू यांनाही निरोप द्यावा लागेल, तिन्ही अमेरिकेची. प्रश्न जन्मस्थानाचा नाही, वर्तनाचा आहे. आपल्या बाजारात मिळणारा गोल्डन रॉड वर्षानुवर्षे काश्यांवरच वाढवला जात आहे. या झाडाला स्वतःच्या परागाने बी धरत नाही. एकाच मूळ झाडाच्या काश्यांनी भरलेल्या वाफ्यात परागाची देवाणघेवाण निष्फळ ठरते. त्यामुळे गावातल्या एखाद्या अंगणातून बियांचे लोण उठण्याची शक्यता थोडी. पण दोन निराळे वाण शेजारी लावले की हा दिलासा संपतो. मुळाचा तुकडा तर बी नसतानाही रुजतो.

गाव कोठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. बेळगाव शहरात, चारी बाजूंनी फरशी आणि डांबर असलेल्या अंगणात हे झाड निर्धोक आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूस ते लावू नये, हे मत स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथल्या ओढ्यात पडलेला मुळाचा तुकडा पावसाळ्यात कोठवर जाईल हे कोणी सांगू शकत नाही. त्याच टापूत २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाले आहे आणि चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर सड्यांची जी वनस्पतीसृष्टी आहे, ती मातीच्या बोटभर थरावर जगते. सोनकी त्या थरावर पावसाळ्यापुरती येते, फुलते आणि निघून जाते. गोल्डन रॉड निघून जाणार नाही.

या मुलुखाच्या वनस्पतींची नोंद जुनी आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुरा झाला; त्यात बेळगाव हे ठिकाण पानोपानी भेटते, कारण रिची नावाच्या संग्राहकाने त्याआधीच इथून पुष्कळ नमुने गोळा केले होते. कोल्हापूर, सावंतवाडी, बेळगाव, धारवाड अशी एका दमात नावे घेणारा तो ग्रंथ वाचताना, १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या वाचकाला क्षणभर थांबावे लागते. त्याच १९५६ साली दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचक झाडांकडे महिन्यामहिन्याने पाहू लागला. ज्या ग्रंथालयात ही दोन्ही पुस्तके एका छपराखाली वाचता येतील, तिथल्या सभासदाला आपल्या अंगणाच्या कुंपणापलीकडे काय उगवते आहे याची विचारपूस करणे अवघड जाऊ नये.

ज्यांच्याकडे हे झाड आहे किंवा यंदा लावायचे आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून हे भाषण थांबेल. वाफ्याच्या कडेला हातभर खोल फरशीचे तुकडे उभे गाडावेत, किंवा बूड काढलेला पत्र्याचा डबा जमिनीत पुरून त्यात झाड लावावे. आडवे सरकणारे खोड त्याला अडते. कुंडीही चालते, मात्र ती मोठी हवी आणि दरवर्षी उपसावी लागते. एकाच वाणाच्या काश्या लावाव्यात. तुरे पिवळेपणा सोडून मळकट पांढरे होऊ लागले की बी तयार होत आहे असे समजावे आणि त्याआधीच, दिवाळीपूर्वी, सर्व दांडे कापावेत. मधमाश्या आणि फुलपाखरे तोवर आपले काम उरकून गेलेली असतात. खणून काढलेली मुळे कुंपणाबाहेर, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. बळ्ळारी नाल्याचे पाणी पुरात शिवारभर कसे पसरते हे बेळगावकरांना सांगायला नको. ती मुळे फरशीवर पंधरा दिवस उन्हात पूर्ण वाळवावीत आणि मग बंबात घालावीत. शेजाऱ्याने काश्या मागितल्या तर जरूर द्याव्यात, पण त्याच्या दारापुढे माती किती आहे आणि त्याचे शेत कोणत्या ओढ्याच्या काठी आहे, एवढे आधी विचारून घ्यावे.